मुलांना त्यांच्या जन्मदेशी नेताना: सांगली-साताऱ्यातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशात काही वर्षं नोकरी करून सांगली, मिरज, कराड, फलटण, सातारा अशा गावांत परतलेली बरीच घरं आता आपल्या ओळखीत असतात. मुलं तिकडं जन्मली, चालायला-बोलायला लागली आणि मग इकडं येऊन इथल्या शाळेत मोठी झाली. ती दहा-बारा वर्षांची झाली की घरात विषय निघतो: एकदा यांना जन्मगाव दाखवून आणूया.

आमची मोठी दोघं अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, कोलंबस या गावी जन्मली. धाकटी मिरजेची. फलटणला इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचा मोठा कारखाना आहे आणि त्या कंपनीचं मुख्यालय कोलंबसला, त्यामुळे या वाटेनं गेलेली आणखीही घरं आमच्या ओळखीत आहेत. आम्ही जाऊन आल्यापासून लोक जे विचारतात ते इथं लिहिलं आहे. कागदपत्रांची माहिती आहेच, पण माझा जीव अडकलाय तो दुसऱ्याच गोष्टीत. ही सहल कुणाची? माझं उत्तर स्पष्ट आहे, ती मुलांची. एवढं एकदा ठरवलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

मुलाला तिथलं काहीच आठवत नाही. मग एवढा खर्च कशाला?

न आठवणं साहजिक आहे. तीन-साडेतीन वर्षांपर्यंतच्या आठवणी सहसा मोठेपणी टिकत नाहीत. फरक इतकाच, की इथं जन्मलेल्या मुलाला ते वय रोज आजूबाजूला दिसत असतं. बाजारात जाताना कुणीतरी सहज सांगतं, "या दवाखान्यात झालास तू." बालवाडीच्या बाई रस्त्यात भेटतात आणि गालाला हात लावतात. आपल्या मुलांचं ते सगळं फक्त आपल्या फोनमध्ये आणि आपल्या बोलण्यात आहे. आयुष्याची पहिली तीन-चार वर्षं ऐकीव असणं मुलाला सलतं. ते बोलून दाखवत नाही, पण जुने फोटो पुन्हा पुन्हा काढून बघतं. ज्या घरात मूल असे फोटो बघत बसतं, त्यांनी खर्चाचा विचार जरूर करावा, पण सहल रद्द करू नये.

तिथं गेल्यावर एक पथ्य कटाक्षानं पाळा. "आठवतंय का?" हा प्रश्न विचारायचा नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर तो विचारला की मुलाला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं, आणि मग आईबाबांना बरं वाटावं म्हणून ते "हो, थोडं थोडं" म्हणायला लागतं. त्यापेक्षा आपण सांगावं. "इथं तू पहिल्यांदा बर्फ चाखलास आणि रडलास." मुलं असलं कितीही ऐकतात.

कोणत्या वयात न्यावं?

माझ्या मते आठ ते तेरा. त्याआधी मूल नेलं तर ती सहल पुन्हा ऐकीवच होते. चौदा-पंधराच्या पुढे दहावीचं वर्ष समोर येतं, आणि त्या वयात आईबाबांच्या बरोबरीनं बागेत फिरायला मुलं राजी नसतात. अर्थात मूल स्वतः विचारायला लागलं असेल तर वयाची वाट बघू नका.

मुलं अमेरिकेची नागरिक आहेत. मग आम्हाला व्हिसा कशाला लागतो?

हा प्रश्न नातेवाइकांकडून हमखास येतो. अमेरिकेत 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनं तिथं जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व मिळालं, पण त्याचा आईवडिलांना काही उपयोग होत नाही. मूल 21 वर्षांचं झाल्यावरच ते आईवडिलांसाठी अर्ज करू शकतं. तोवर तुम्ही इतर कुणाही भारतीयासारखे पाहुणे. म्हणजे बी-1/बी-2 व्हिसा, त्यासाठी डीएस-160 अर्ज आणि गरज असेल तर मुंबईला मुलाखत. तारीख मिळायला कधीकधी अनेक महिने लागतात, म्हणून विमानाची तिकिटं आधी काढून ठेवू नका. मुलाखतीत कारण विचारलं तर जे आहे ते सांगा: मुलांना त्यांचं जन्मगाव दाखवायचं आहे, आमचं घर-नोकरी सांगलीत आहे, अमुक तारखेला परत येणार. एवढं पुरेसं आहे.

व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षं राहता येतं, असं नाही. तिथल्या विमानतळावर अधिकारी जी मुदत देतो तीच खरी. ती आय-94 या नोंदीत दिसते, उतरल्यावर एकदा तपासून घ्या.

मुलांचे पासपोर्ट संपलेत. भारतीय पासपोर्टवर व्हिसा घेऊन नेता येतील का?

नाही. अमेरिकी नागरिकानं अमेरिकेत जाता-येताना अमेरिकी पासपोर्टच वापरायचा, असा तिथला कायदा आहे. तिकडं जन्मलेल्या आणि तो पासपोर्ट घेतलेल्या मुलासाठी इथून भारतीय पासपोर्टही काढायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका, भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही.

सोळा वर्षांखालच्या मुलाचा अमेरिकी पासपोर्ट पाच वर्षांचा असतो आणि त्याचं नूतनीकरण होत नाही. प्रत्येक वेळी नवा अर्ज करावा लागतो. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत वेळ घेऊन मुलाला स्वतः न्यावं लागतं, बरोबर आई आणि वडील दोघेही. एकाला जमत नसेल तर डीएस-3053 हे संमतिपत्र नोटरी करून द्यायचं. सांगली-साताऱ्याच्या लोकांना महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची आहे, रात्री बसलं की सकाळी मुंबईत. नवा पासपोर्ट हातात यायला काही आठवडे धरा. जन्मदाखल्याची मूळ प्रत, आईवडिलांचे पासपोर्ट आणि मुलाचे लहानपणापासूनचे थोडे फोटो जवळ ठेवा. पाच वर्षांत चेहरा इतका बदलतो, की हे तेच मूल आहे हे दाखवायला ते फोटो उपयोगी पडतात.

ओसीआय कार्डाचं काय करायचं?

ओसीआय म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारतात येण्या-राहण्यासाठी मिळणारं कार्ड. परत येताना तेच सगळ्यात महत्त्वाचं. मुंबईत उतरताना अमेरिकी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड दोन्ही हातात हवीत, घरी कपाटात नकोत. मूल 20 वर्षांचं होईपर्यंत दर नव्या पासपोर्टला नवं कार्ड काढायची गरज नसते. नव्या पासपोर्टची प्रत आणि नवा फोटो सरकारी संकेतस्थळावर तीन महिन्यांच्या आत चढवायचा, त्याला शुल्क नाही. विसाव्या वर्षानंतर जो पासपोर्ट निघेल त्यावर मात्र कार्ड एकदा बदलून घ्यावं लागतं. कार्डावर जुना पासपोर्ट क्रमांक दिसतो म्हणून लोक घाबरून जुना पासपोर्टही बरोबर बाळगतात. 2021 पासून त्याची सक्ती नाही, पण बाळगला तर बिघडत काहीच नाही.

एखाद्या घरात अजून भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं जुनं पीआयओ कार्ड असेल तर ते प्रवासाला चालेल असं समजू नका. ती योजना 2015 मध्येच ओसीआयमध्ये विलीन झाली आहे.

अमेरिकी कागदांवर मुलाच्या नावात वडिलांचं नाव नाही, शाळेत आणि आधारवर आहे. अडचण येईल का?

प्रवासात येणार नाही, फक्त तिकीट पासपोर्टवरच्या नावाबरहुकूम काढा. अक्षर न् अक्षर. आपल्याकडं फॉर्म दिसला की "मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव" लिहायची हाताला सवय असते, आणि तिकीट काढून देणारेही तसंच भरतात. शाळेच्या दाखल्यातला फरक दहावीच्या आधी शाळेकडून जुळवून घ्या. प्रवास होवो न होवो, पुढच्या शिक्षणासाठी ते करावंच लागतं.

आमची मुलं जर्मनीत जन्मली आहेत. इंग्लंड, जपान, आखातात जन्मलेल्यांचं काय?

अमेरिकेचं गणित तिथं लागू होत नाही. जर्मनीत नुसत्या जन्मानं नागरिकत्व मिळत नाही. आई किंवा वडिलांचं तिथं बरीच वर्षं कायदेशीर वास्तव्य आणि कायम राहण्याचा हक्क असावा लागतो. ही मुदत आधी आठ वर्षं होती, जून 2024 पासून पाच. म्हणून चार-पाच वर्षांच्या कामावर गेलेल्या आपल्या लोकांची मुलं बहुतेक भारतीय पासपोर्टवरच असतात. आपल्या जन्मगावी जायला त्यांना शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) लागतो, आणि 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. मुलाला हे आधी समजावून सांगा. "माझा जन्म तिथला, मग मला परवानगी का लागते?" हा प्रश्न दूतावासाच्या रांगेत उभं असताना ऐकण्यापेक्षा घरी जेवताना बोललेला बरा. जर्मनीत मुलाच्या तपासण्यांची एक पिवळी वही मिळते, पहिल्या दिवसापासूनचं वजन-उंची त्यात डॉक्टरांच्या अक्षरात असते. ती जपून ठेवली असेल तर बरोबर न्या. मूल ज्या गावात जन्मलं तिथल्या नोंदणी कार्यालयातून, म्हणजे श्टांडेसआम्टमधून, जन्मदाखल्याच्या जादा प्रती मिळतात.

इंग्लंडमध्ये 1983 पासून आई किंवा वडील नागरिक किंवा कायम रहिवासी असतील तरच मूल जन्मतः नागरिक होतं. तिकडं अशीच लाल वही मिळते, जपानमध्ये आई-बाळाची पुस्तिका. माझं सगळ्यांना एकच सांगणं आहे: फोटोंपेक्षा या वह्या मुलांना जास्त भिडतात, कारण त्या कुणीतरी परक्या माणसानं त्यांच्यासाठी लिहिलेल्या असतात.

आखातात जन्मलेल्या मुलांना तिथलं नागरिकत्व मिळत नाही. वडिलांची नोकरी सुटली की राहण्याचा परवानाही संपतो. त्यामुळे तुम्ही पाहुण्यांच्या व्हिसावर जाणार. तिथली शहरं फार वेगानं बदलतात, जुनी इमारत जागेवर आहे का हे जाण्याआधी नकाशावर बघून घ्या. आणि एक महत्त्वाचं: अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे. दिवाळीच्या अनारशांवर असते तीसुद्धा. डबा भरताना आजीला आठवणीनं सांगा.

सुट्टी कुठली निवडावी?

अमेरिकेसाठी मे. आपल्या शाळा सुटलेल्या असतात आणि इंडियानातल्या शाळा मेअखेरीपर्यंत सुरू असतात, म्हणजे मुलाला त्याची बालवाडी भरलेली बघायला मिळते. जूनमध्ये गेलात तर कुलूप दिसेल. उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, पहिले दोन दिवस झोपेचे म्हणून सोडून द्या. दिवाळीच्या सुट्टीत झाडांचे रंग सुंदर असतात, पण सुट्टी तोकडी पडते.

तिथं नेमकं काय दाखवायचं? न्यूयॉर्क, नायगारा, डिस्ने यांतून जन्मगावाला किती दिवस ठेवायचे?

निम्म्याहून जास्त. याबाबत मी आग्रही आहे. बहुतेक जण कार्यक्रम उलटा आखतात, नायगारा आणि डिस्नेला आठवडा आणि जन्मगावाला एक दुपार, गाडीतून खाली उतरून फोटो काढण्यापुरती. त्या दुपारी मूल दमलेलं असतं, आईबाबा हळवे झालेले असतात, आणि कुणालाच काही मिळत नाही. गावात राहा. सकाळी दूध-ब्रेड आणायला त्याच दुकानात जा जिथं पूर्वी जायचात. मुलाला आपल्या गावात "राहिल्याचा" अनुभव हवा आहे.

आमच्या कोलंबसचं सांगते, म्हणजे कशा प्रकारच्या जागा निवडायच्या ते कळेल. गाव लहान, मिरजेपेक्षाही बरंच लहान, पण तिथल्या इमारती जगातल्या मोठ्या वास्तुविशारदांनी बांधलेल्या आहेत. सार्वजनिक वाचनालय आय. एम. पेई यांचं, 1969 मधलं. समोर हेन्री मूर यांची काशाची भली मोठी कमान, आणि रस्त्यापलीकडे एलिएल सारिनेन यांचं 1942 चं चर्च. पर्यटक हे बघायला लांबून येतात. आमच्या मुलांसाठी मात्र ते वाचनालय म्हणजे जिथं त्यांना मांडीवर घेऊन आम्ही चित्रांची पुस्तकं वाचली ती जागा. मुलीनं त्याच विभागात जाऊन एक पातळ पुस्तक काढलं आणि धाकटीला वाचून दाखवलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं लांबच्या खुर्चीवर बसून राहिलो.

गावाच्या मध्यावर कॉमन्स नावाची मोठी बंदिस्त जागा आहे, मुलांना चढायला वेड्यावाकड्या फळ्यांचा उंच खेळ आहे, आणि जॉं टिंगेली यांचं सतत फिरणारं, खडखडणारं लोखंडी शिल्प. थंडीच्या दिवसांत लहान मुलांच्या आया तिथंच भेटतात. बाळपणी ज्याची भीती वाटायची त्या शिल्पाखाली उभं राहून मुलगा बराच वेळ बघत होता. झाहराकोस हे 1900 पासूनचं आइस्क्रीमचं दुकानही तिथंच. दुपार त्यातच गेली, आणि ती जाऊ दिली हे फार बरं झालं.

मुलांना सगळ्यात जवळची वाटली ती एक गोष्ट आम्ही ठरवलीही नव्हती. ज्या दवाखान्यात ती जन्मली, तो कोलंबस रीजनल, 2008 च्या जूनमधल्या पुरात बुडाला होता. तळघरात पाणी शिरलं, सगळ्या रुग्णांना हलवावं लागलं आणि दवाखाना काही महिने बंद राहिला. सांगलीच्या मुलांना पूर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी त्यांनी पाहिलं आहे, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट झालं याची चौकशी घरोघर दिवसातून दहादा चालायची. मुलानं तिथं उभं राहून विचारलं, "मग बाळांना कसं बाहेर काढलं?" जन्मगाव त्याला तिथून पुढे परकं राहिलं नाही असं मला वाटतं. तुमच्या गावाचाही असा काही इतिहास असेल. जायच्या आधी शोधून ठेवा.

मोठं काही हवंच असेल तर इंडियानापोलिसचं मुलांचं संग्रहालय जवळ आहे, आणि ते या प्रकारातलं जगातलं सगळ्यात मोठं. शिकागोही एका दिवसाच्या गाडीच्या अंतरावर. पण ते नंतर.

जुन्या घरात, दवाखान्यात, बालवाडीत आत जाऊ देतील का?

न कळवता गेलात तर नाही. आपल्याकडं "इथं आम्ही राहायचो हो" म्हटलं की लोक आत बोलावून चहा टाकतात. तिथं घर ही फार खासगी जागा मानतात, अंगणात पाऊल टाकायच्याही आधी विचारावं. दोन महिने आधी पत्र पाठवा, कोण आहोत ते दोन ओळींत लिहा, मुलाचा त्या घरातला एखादा फोटो जोडा. उत्तर आलं तर आनंद, नाही आलं तर पदपथावरून बघा.

दवाखान्याचा प्रसूतिविभाग बाळांच्या सुरक्षिततेसाठी बंद असतो, तिथं आग्रह धरू नका. दर्शनी दालनात बसता येतं. शाळा-बालवाड्यांची दारंही कुलूपबंद असतात, पण ईमेलनं वेळ मागितली तर बहुधा मिळते. आणि बागेत फोटो काढताना दुसऱ्यांची मुलं त्यात येऊ देऊ नका, तिकडच्या आईवडिलांना ते खपत नाही.

एक काम मात्र जरूर करा. जन्मदाखल्याच्या दोन-तीन अधिकृत प्रती स्वतः जाऊन काढा. इंडियानात त्या त्या परगण्याच्या आरोग्य खात्याकडून मिळतात. मुलाला खिडकीशी बरोबर न्या. आपलं नाव सरकारी दफ्तरात आहे, आणि एक अनोळखी माणूस ते शोधून छापून देतो आहे, हे बघणं मुलासाठी मोठी गोष्ट असते.

आजी-आजोबांना भीती वाटते. "पोरं तिकडंच राहतो म्हणाली तर?"

ही भीती खोटी नाही, तिला हसू नका. एकदा मुलगा-सून परदेशी गेले होते, सणावाराला घर रिकामं राहिलं होतं, ते दिवस या माणसांनी काढलेत. माझ्या सासूबाईंनी हेच विचारलं होतं. मी त्यांना सांगितलं, की मुलांचं नागरिकत्व जन्मापासूनच आहे, नेलं काय अन् न नेलं काय. अठरा वर्षांची झाल्यावर जायचं असेल तर ती जातील. पण लपवून ठेवलेल्या दाराचं आकर्षण जास्त असतं, आणि आईबाबांबरोबर जाऊन बघितलेलं गाव मुलांना जसं आहे तसं दिसतं, रंगरंगोटीशिवाय.

आजीला कामाला लावा. तिथल्या शेजाऱ्यांना काय न्यायचं हे तिनं ठरवावं. रोज एक फोन ठरलेल्या वेळी, आणि तो मुलांनी करायचा. आमच्याकडं त्या फोनची वाट बघता बघता सासूबाईंनाच तिथल्या रस्त्यांची नावं पाठ झाली. प्रकृती साथ देत असेल आणि खर्च झेपत असेल तर त्यांनाही न्या, बाळंतपणाला आलेली आजी असेल तर तिच्याइतकं चांगलं सांगणारं कुणी नाही.

धाकटीचा जन्म इथला आहे. ती म्हणते, "माझं तिथं काहीच नाही."

जायच्या आधी तिला तिच्या जन्माच्या दवाखान्यात घेऊन जा. आम्ही मिरजेला गेलो, खोली दाखवली, त्या रात्री पाऊस किती होता ते सांगितलं, येताना सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीतून चालत आलो. मोठ्या दोघांनाही बरोबर नेलं होतं. मग तिकडच्या सहलीत तिला तिचं काम द्या. आमच्या धाकटीकडं कॅमेरा होता. आणि रोजचा थोडा वेळ पूर्ण तिच्या मनाचा ठेवा, ज्यात कुणाच्या बाळपणाचा विषय निघणार नाही.

मुलगा विचारतो, "मी अमेरिकन की सांगलीचा?" काय उत्तर द्यावं?

घाईनं उत्तर देऊ नका. "तू आपलाच रे" म्हटलं की त्याचा प्रश्न तिथंच बंद होतो, आणि "तू दोन्हीकडचा" हे आठ वर्षांच्या मुलाला काही सांगत नाही. जे खरं आहे ते सांगा: जन्म तिथला, पासपोर्ट तिथला, शाळा, मित्र आणि आजी इथली. मोठा झालास की कुठं राहायचं, कुठं मत द्यायचं हे तू ठरवशील. ओसीआय कार्डावर इथं मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, हेही योग्य वयात सांगा. वारसानं आलेली जमीन मिळू शकते. सातारा-सांगलीकडच्या घरांत हा प्रश्न आज ना उद्या निघतोच, आणि तो भाऊबंदांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आईबाबांकडून कळावा.

आमचं परत येणं आनंदाचं नव्हतं. मुलांना ते सांगायचं का?

नोकरी गेली म्हणून परतलेली, नवरा-बायको वेगळे झालेली, तिकडंच कुणाला गमावलेली घरं मला माहीत आहेत. अशा सहलीत ते दुःख समोर येणारच, कारण जागा बोलतात. माझं मत असं, की जाण्याआधी घरीच सांगावं, मुलाच्या वयाला झेपेल एवढं, पण खरं. परक्या गावात आई अचानक रडायला लागली आणि कारण माहीत नसलं तर मूल ते स्वतःकडं घेतं. जिथं जाणं तुम्हाला जमणार नाही ती जागा वगळा, आणि वगळली आहे हे मुलाला सांगा. वडील हयात नसतील तर त्यांचा एखादा जुना सहकारी किंवा मित्र तिथं भेटतो का बघा. मुलाला वडिलांविषयी तिऱ्हाइताकडून ऐकायला मिळणं ही फार मोलाची गोष्ट आहे, आणि तेवढ्या एका भेटीसाठीसुद्धा मी जाईन.

इथल्या शाळेत शिकलेली मुलं तिथं इंग्रजी बोलायला लाजतात.

लाजतील. जन्म तिकडचा म्हणून उच्चारही तिकडचे असतील अशी लोकांची अपेक्षा असते, आणि मूल ती ओळखतं. त्यांच्या वतीनं तुम्ही बोलत सुटू नका, आणि "बोल ना, घरी तर बोलतोस" असं चारचौघांत म्हणू नका. दुकानात पैसे देणं, वाचनालयात पुस्तक मागणं अशी छोटी कामं सोपवा. दोन-तीन दिवसांत जमतं.

भेट म्हणून काय न्यावं?

हळद. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, बंद पाकिटात मिळते, आणि मुलांना तिच्याबद्दल सांगता येतं. बेदाणेही उत्तम, भडंग तर आवडतंच. मांसाचे पदार्थ, ताजी फळं-भाज्या, बी-बियाणं नेऊ नका. दुधाच्या पदार्थांवरही निर्बंध असतात, त्यामुळे कंदी पेढ्यांचा मोह आवरावा. जे काही खाण्याचं आहे ते उतरल्यावर अधिकाऱ्याला स्वतःहून सांगायचं. हळद, मेतकूट, मसाले मोठ्या बॅगेत ठेवा. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या सामानात 350 मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असली की जादा तपासणी होते.

आजारपण आणि गाडी?

मूल नागरिक आहे म्हणून तिथं उपचार फुकट मिळत नाहीत. सगळ्यांचा प्रवास विमा काढा, आणि परदेशी पासपोर्टवरच्या मुलाला ती पॉलिसी लागू आहे का, हे कंपनीला लेखी विचारा. छोट्या गावात गाडीशिवाय हलता येत नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्या, तो एक वर्ष चालतो. इंडियानात आठ वर्षांखालच्या मुलाला बालआसन सक्तीचं आहे, गाडी भाड्यानं घेतानाच सांगून ठेवा.

मूल म्हणालं, "एवढंच होय?" तर?

म्हणू द्या. लहान गाव, साधी इमारत, वाहनतळ, त्यात भारावून जाण्यासारखं त्याला काय दिसणार? तुम्हाला जे दिसतं ते तुमच्या तरुणपणाचं आहे. आपल्याला गहिवरून आलं तर ते आपण दोघांनी रात्री मुलं झोपल्यावर बोलावं. मुलाचं काय झालं हे तिथं कळत नाही. आमच्या मुलानं परतल्यावर बऱ्याच दिवसांनी शाळेच्या निबंधात त्या पुराचं लिहिलं, आम्हाला पालकसभेत कळलं.

पुन्हा कधी न्यावं?

माझा सल्ला, सोळाव्या वर्षानंतर एकदा. त्या वयात अमेरिकी पासपोर्ट दहा वर्षांचा मिळतो, दर पाच वर्षांची मुंबईची खेप संपते. आणि त्या वेळी कार्यक्रम मुलानं आखावा, कुठं जायचं, कुणाला भेटायचं, किती दिवस, सगळं. मोठीनं आत्ताच यादी करायला घेतली आहे. तिच्या यादीत वाचनालय पहिलं आहे आणि नायगारा शेवटून दुसरा.